एका अर्जात किती शोध?

पेटंट कायदा, १९७० च्या सातव्या कलमाची सुरुवातच एका अटीनं होते: प्रत्येक अर्ज एकाच शोधासाठी असला पाहिजे. वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं राबणाऱ्याला ही अट अवघड जाते, कारण तिथं शोध असे सुटे सुटे लागत नाहीत. एक अडचण सोडवताना दुसरी पुढे येते, तिच्यावर इलाज करताना तिसरंच काही हाती लागतं, आणि अर्ज लिहायला बसेपर्यंत हे सगळं एकाच वहीत गोळा झालेलं असतं. मग प्रश्न पडतात. अर्ज किती करायचे? सगळं एकात घातलं तर कार्यालय काय म्हणेल? आणि पुढे वेगळं करायची वेळ आलीच, तर पहिली तारीख हातची जाईल का?

एक कल्पित उदाहरण घेऊ, म्हणजे कलमांचे आकडे हवेत राहणार नाहीत. समजा, तासगावच्या एका यंत्र बनवणाऱ्यानं बेदाण्याच्या शेडसाठी बरंच काही तयार केलं आहे. शेडमध्ये एकावर एक जाळ्या बांधून त्यांवर द्राक्षं पसरतात. खालच्या थरांना हवा कमी लागते आणि माल एकसारखा सुकत नाही. म्हणून त्यानं जाळ्या धरणारी चौकट पोकळ पाइपांची केली, त्या पाइपांना भोकं पाडली आणि पंख्याची कोमट हवा त्यांतून प्रत्येक थरापर्यंत नेली. मग त्या रॅकवर हवा कुठल्या दिवशी किती सोडायची, याची पद्धत बसवली. द्राक्षं पसरण्याआधी ज्या द्रावणात बुडवतात, त्या डिपिंगच्या द्रावणाचं नवं मिश्रण केलं. आणि शेवटी, सुकलेल्या मालाचे देठ काढणारं एक यंत्र बनवलं. चार गोष्टी झाल्या. शोध किती?

याचं उत्तर कलम १०(५) मध्ये शोधावं लागतं. अर्जातले दावे, म्हणजे संरक्षण नेमकं कशाला हवं हे सांगणारी वाक्यं, एकाच शोधाचे असावेत, किंवा एकाच शोध-कल्पनेनं जोडलेल्या शोधांच्या गटाचे असावेत, असं ते कलम म्हणतं. म्हणजे सातव्या कलमातला "एक" तितका कडक नाही. नातं असलेले शोध एका अर्जात राहू शकतात. नातं कसं ओळखायचं, याची सगळ्यात नेमकी कसोटी पेटंट सहकार्य कराराच्या, म्हणजे पीसीटीच्या, नियम १३ मध्ये आहे आणि आपलं पेटंट कार्यालयही तिच्याच वाटेनं जातं. वेगवेगळ्या दाव्यांमध्ये तेच, किंवा एकमेकांना जुळणारं, विशेष तांत्रिक वैशिष्ट्य असलं पाहिजे. इथं "विशेष" या शब्दाला वजन आहे: आधीपासून जगाला माहीत असलेल्या गोष्टींच्या पलीकडे शोधानं जी भर घातली, ती देणारं वैशिष्ट्य.

आता तासगावच्या अर्जातले दावे समोर ठेवू. दावा १ साधारण असा असेल: "फळे सुकवण्याचा रॅक, ज्यात एकावर एक जाळ्या असून त्या धरणारी चौकट पोकळ नळ्यांची आहे, आणि त्या नळ्यांना जाळीकडे तोंड केलेली छिद्रे आहेत." दावा ७: "दावा १ मधील रॅकवर द्राक्षे सुकवण्याची पद्धत, ज्यात नळ्यांतील हवेचा प्रवाह टप्प्याटप्प्याने कमी केला जातो." दावा ११: "द्राक्षे बुडवण्याचे मिश्रण, ज्यात..." आणि पुढे घटक व प्रमाण. दावा १४: "सुकलेल्या फळांचे देठ काढण्याचे यंत्र, ज्यात..." पहिल्या आणि सातव्या दाव्यात छिद्रांच्या नळ्या दोन्हीकडे आहेत. रॅक आणि रॅकवरची पद्धत एकाच कल्पनेची झाली. अकराव्या दाव्यात नळ्या नाहीत. चौदाव्यातही नाहीत. म्हणजे गोष्टी चार, शोध तीन.

इथं अर्जदार हमखास एक युक्तिवाद करतो: "पण हे सगळं बेदाण्यासाठीच आहे ना!" उपयोग एक असणं आणि शोध-कल्पना एक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जाच्या शीर्षकावर हात ठेवावा आणि फक्त दावे वाचावेत. पहिल्या दाव्यात जे नवं आहे ते अकराव्यात दिसतं का? दिसत नसेल, तर शीर्षकातला "बेदाणा" हा शब्द त्यांना जोडू शकत नाही. उलट, दिसायला अगदी वेगळ्या वस्तू एका अर्जात बसू शकतात. प्लग आणि त्याच वळणाचा सॉकेट हे पीसीटीच्या मार्गदर्शिकेतलं जुनं उदाहरण. वस्तू दोन, पण एकातलं नवं वैशिष्ट्य दुसऱ्यातल्या वैशिष्ट्याला तंतोतंत जुळतं, म्हणून शोध-कल्पना एक. नवा रासायनिक पदार्थ, तो बनवण्याची रीत आणि कीटकनाशक म्हणून त्याचा वापर, हे तिन्ही दावेही याच न्यायानं एकत्र राहतात.

मग कोणी म्हणेल, मिश्रण आणि रॅक मुद्दाम जोडून टाकू. "दावा १ मधील रॅक, ज्यावर दावा ११ मधील मिश्रणात बुडवलेली द्राक्षे ठेवली आहेत" असा दावा लिहिला की हरकत टळेल. टळेलही. पण याची किंमत फार मोठी आहे. अशा दाव्याचा भंग करायला दोन्ही गोष्टी एकत्र वापराव्या लागतात. शेजारच्या तालुक्यातला कारखानदार तेच मिश्रण घेऊन साध्या रॅकवर द्राक्षं सुकवू लागला, तर या दाव्यानं त्याला हात लावता येणार नाही. कार्यालयाची एक हरकत चुकवण्यासाठी संरक्षण असं आवळून घेणं मला चुकीचं वाटतं, आणि घाईत लिहिलेल्या अर्जांत नेमकं हेच होतं.

शोध-कल्पना एक आहे का, हा एकतेचा प्रश्न दोनदा उभा राहू शकतो. कधी दावे वाचताक्षणी दिसतं की हे शोध वेगळे आहेत, जसं वर दिसलं. पण कधी तो पूर्वज्ञानाचा, म्हणजे आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींचा, शोध घेतल्यावरच समोर येतो. समजा, परीक्षकाला मासे सुकवण्याच्या रॅकचं एक जुनं परदेशी पेटंट सापडलं आणि त्यात चौकटीच्या पाइपांना अशीच छिद्रं आहेत. दावा १ नवा राहिला नाही. गाडी इथंच थांबत नाही. दावा ३ मध्ये जाळी विशिष्ट कोनात तिरकी आहे, दावा ५ मध्ये ओलावा मोजून पंख्याचा वेग बदलणारी यंत्रणा आहे. काल हे दोन्ही दावा १ च्या आधारानं एकाच घरात होते. आज त्यांना जोडणारं वैशिष्ट्य जुनं ठरलं, त्यामुळे तिरकी जाळी हा एक शोध आणि ओलाव्याची यंत्रणा हा दुसरा, असं म्हणायला जागा झाली. अर्जदाराला हा अन्याय वाटतो, कारण त्यानं एक अक्षरही बदललेलं नसतं. पण कसोटीतला "विशेष" हा शब्द लक्षात घेतला की परीक्षकाचं म्हणणं पटतं.

ही अट कशासाठी, हेही थोडक्यात पाहू. परीक्षकाला प्रत्येक शोधाचं पूर्वज्ञान धुंडाळावं लागतं, आणि ते वेगवेगळ्या कप्प्यांत असतं. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सुकवण्याची साधनं एफ२६बी मध्ये येतात, फळांचे देठ काढणारी यंत्रं ए२३एन मध्ये. एका शुल्कात तीन शोधांचं परीक्षण करून घेणं हे बाकीच्या अर्जदारांवर अन्यायाचं होईल. मात्र ही शिस्त कार्यालयापुरतीच आहे. पेटंट एकाच शोधाला मिळेल असं कलम ४६(२) सांगतं, पण लगेच पुढे म्हणतं की एकापेक्षा जास्त शोधांना पेटंट दिलं गेलं, या कारणावरून कोणालाही न्यायालयीन दाव्यात किंवा अन्य कार्यवाहीत हरकत घेता येणार नाही. म्हणजे परीक्षकाच्या नजरेतून सुटून दोन शोध एका पेटंटमध्ये गेले, तरी ते पेटंट त्या कारणानं रद्द होत नाही.

हरकत येते ती पहिल्या परीक्षण अहवालात; या व्यवसायातले लोक त्याला एफईआर म्हणतात. त्यात दावे गटांत मांडलेले असतात: पहिला गट दावे १ ते १०, दुसरा ११ ते १३, तिसरा १४ ते १६. बरेचदा सविस्तर परीक्षण पहिल्या गटाचंच झालेलं असतं. म्हणून जे सगळ्यात मोलाचं आहे ते दाव्यांत पहिलं लिहावं. ही साधी गोष्ट पुष्कळ जण विसरतात. उत्तराला ६ महिने मिळतात, ती मुदत अर्ज करून आणखी ३ महिने वाढवता येते. उत्तरात हे गट एकाच शोध-कल्पनेचे आहेत असा युक्तिवाद करता येतो, बाकीचे गट काढून टाकता येतात, किंवा ते कलम १६ खाली वेगळ्या अर्जात नेता येतात. या वेगळ्या अर्जाला डिव्हिजनल म्हणतात.

कलम १६ ची रचना समजायला आपल्याकडे सातबाऱ्याचा पोटहिस्सा ठाऊक असलेल्या माणसाला वेळ लागणार नाही. गटाचे पोटहिस्से पडले, तरी जमीन तीच राहते, हद्द मूळ गटाच्या बाहेर जात नाही आणि एकाच गुंठ्यावर दोन पोटहिस्से सांगता येत नाहीत. डिव्हिजनलचंही तसंच. मूळ अर्जात आशयानं जे उघड केलेलं नव्हतं, ते त्यात घालता येत नाही. मूळ आणि डिव्हिजनल यांचे दावे एकमेकांवर येता कामा नयेत. येत असतील तर कंट्रोलर, म्हणजे अर्जावर निर्णय देणारा पेटंट कार्यालयातला अधिकारी, दुरुस्ती करायला लावतो. मूळ अर्जात फेटाळले जाणारे दावे थोडे शब्द बदलून पुन्हा पुढे आणायला डिव्हिजनल वापरला, तर तोही याच कारणावरून अडकतो.

बदल्यात मिळते ती तारीख. डिव्हिजनल तीन वर्षांनी दाखल केला, तरी तो मूळ अर्जाच्या तारखेलाच दाखल झाला असं कायदा मानतो. समजा, मूळ अर्जानंतर वर्षभरात आपल्या तासगावकरानं देठ काढण्याचं यंत्र मोशीच्या किसान प्रदर्शनात मांडलं. आज त्या यंत्रासाठी नवा अर्ज केला, तर ते प्रदर्शनच त्याच्या आड येऊ शकतं. डिव्हिजनल केला तर येत नाही, कारण हिशेब प्रदर्शनाच्या आधीच्या तारखेपासून होतो. अर्थात मुदतही तिथूनच मोजतात. पेटंटची २० वर्षं मूळ तारखेपासून संपतात. डिव्हिजनलनं एक दिवसही वाढत नाही.

डिव्हिजनल दाखल झाला की त्याला स्वतःचा १२ आकडी क्रमांक मिळतो, आणि तो वाचता येतो. पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा (२ म्हणजे मुंबई, महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज इथंच येतात), सहावा अर्जाच्या प्रकाराचा. साध्या अर्जाला १, साध्या अर्जाच्या डिव्हिजनलला २. म्हणून २०२५२२ अशी सुरुवात दिसली की हा मुंबईत २०२५ साली दाखल झालेला डिव्हिजनल आहे, हे कागद न उघडता कळतं. परीक्षणाची विनंती मात्र स्वतंत्रपणे करावी लागते. १५ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ती मूळ अर्जाच्या प्राधान्य तारखेपासून ३१ महिन्यांत, किंवा डिव्हिजनल दाखल केल्यापासून ६ महिन्यांत, यांपैकी जी तारीख नंतर येईल तोवर करायची असते. मूळ अर्जाचं परीक्षण झालं आहे म्हणून ही विनंती आपोआप झाली असं समजून बसलं, तर अर्ज मागे घेतल्यासारखा धरला जातो.

आता या सगळ्यातला खरा कळीचा प्रश्न. मूळ अर्जात मिश्रणाचं वर्णन आहे, पण दाव्यांत ते मागितलेलंच नाही, अशा वेळी डिव्हिजनल करता येतो का? जुलै २०२२ मध्ये बोहरिंगर इंगलहाइमच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं म्हटलं की एकापेक्षा जास्त शोध मूळ अर्जाच्या दाव्यांत दिसले पाहिजेत; जे मागितलं नाही ते सोडून दिलं. या निकालानं अनेक डिव्हिजनल अडचणीत आले. पुढे सिंजेंटाच्या प्रकरणात हाच मुद्दा खंडपीठाकडे गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये खंडपीठानं कलम १६ चे शब्द पाहिले. तिथं प्रोव्हिजनल (प्राथमिक) किंवा कम्प्लीट (पूर्ण) स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे शोधाचं वर्णन करणाऱ्या दस्तऐवजात, उघड केलेला शोध असं लिहिलं आहे, दाव्यांत मागितलेला शोध असं नाही. म्हणून स्पेसिफिकेशनमधून एकापेक्षा जास्त शोध ओळखता येत असतील तर पुरे, दाव्यांतच असण्याची अट नाही. आणि कार्यालयानं हरकत घेतलेली असो वा अर्जदारानं आपण होऊन विभागणी केलेली असो, कसोटी तीच. मला हा अर्थ बरोबर वाटतो. कायद्याच्या शब्दांशी तो प्रामाणिक आहे, आणि लहान अर्जदाराला त्यातून श्वास घ्यायला जागा मिळते. २०२४ च्या नियमांतल्या नव्या १३(२अ) नंही हीच दिशा धरली, आणि डिव्हिजनलमधून पुन्हा डिव्हिजनल काढता येईल, हेही लिहून टाकलं.

याचा अर्ज लिहिण्यावर थेट परिणाम होतो. कलम ५९ मुळे आपल्याकडे दावे नंतर रुंद करता येत नाहीत. दुरुस्ती जुन्या दाव्याच्या आतच राहावी लागते. त्यामुळे वर्णनात जे पूर्ण, स्पष्ट आणि स्वतंत्र शोध म्हणून ओळखता येईल असं लिहिलेलं आहे, तीच पुढची शिल्लक. मिश्रणाबद्दल "योग्य द्रावणात बुडवून" एवढंच लिहिलं असेल तर त्यातून पुढे काहीच निघणार नाही. घटक, प्रमाण, तापमान, किती वेळ बुडवलं, द्राक्षाच्या सालीवरच्या मेणाच्या थराचं काय झालं, हे पहिल्याच दिवशी लिहिलं पाहिजे.

आणि एक धोका, ज्याबद्दल मी प्रत्येक अर्जदाराला बजावून सांगेन. डिव्हिजनल पेटंट मंजूर होण्याआधीच दाखल करावा लागतो. अमेरिकेत मंजुरीची नोटीस आधी येते आणि शुल्क भरायला ३ महिने असतात; युरोपातही मंजुरीचा मसुदा आधी पाठवतात. आपल्याकडे असा थांबा नाही, मंजुरीचं वेगळं शुल्कही नाही. एफईआरचं उत्तर समाधानकारक वाटलं, तर कंट्रोलर सरळ पेटंट देतो. सकाळी संकेतस्थळ उघडावं आणि पेटंट मंजूर झालेलं दिसावं, ही आनंदाची बातमी. पण त्याच क्षणी विभागणीचं दार कायमचं बंद झालेलं असतं. म्हणून एफईआरच्या उत्तरात कोणताही गट काढून टाकायचा असेल, तर त्याचा डिव्हिजनल उत्तराच्या आधी किंवा त्याच दिवशी दाखल झालेला असावा.

पैशाचं गणित आजच्या ऑनलाइन दरांनी मांडू. आपला अर्जदार एकटा माणूस आहे, म्हणून त्याला कमी दर लागतो. अर्जाचे १,६०० रुपये, ३० च्या पुढे प्रत्येक पानाला १६०, १० च्या पुढे प्रत्येक दाव्याला ३२०, परीक्षणाचे ४,०००. त्याचा एकत्र अर्ज ४६ पानांचा आणि १६ दाव्यांचा असेल तर १,६०० अधिक २,५६० अधिक १,९२०, म्हणजे ६,०८०; परीक्षण धरून १०,०८०. वर्णन तसंच ठेवून पुढे दोन डिव्हिजनल काढले, तर प्रत्येकी ८,१६०. एकूण २६,४००. सुरुवातीलाच तीन आटोपशीर वेगळे अर्ज केले असते तर १६,८०० मध्ये काम झालं असतं. शिवाय मंजुरीनंतर प्रत्येक पेटंटचं नूतनीकरण वेगळं. तिसऱ्या वर्षापासून विसाव्यापर्यंत याच दरानं एका पेटंटचे ७६,८०० रुपये होतात. डिव्हिजनल उशिरा मंजूर झाला तर मधल्या वर्षांचं शुल्क मंजुरीची नोंद झाल्यापासून ३ महिन्यांत एकदम भरावं लागतं.

मग सगळं एकत्र लिहून पुढे विभागणं कशाला करायचं? कारण सुरुवातीला पैसे कमी असतात आणि कोणता शोध बाजारात चालेल हे ठाऊक नसतं. विभागणीनं निर्णय पुढे ढकलता येतो, तारीख न गमावता. दुसरं कारण जोखमीचं आहे. मिश्रणावर कलम ३(ई) ची हरकत येण्याची शक्यता असते: घटकांच्या गुणांची नुसती बेरीज असेल तर ते पेटंटयोग्य नाही. ते दावे रॅकच्याच अर्जात ठेवून हट्ट धरला आणि कंट्रोलरचं समाधान झालं नाही, तर अख्खा अर्ज फेटाळला जाऊ शकतो, रॅकसकट. मिश्रण डिव्हिजनलमध्ये नेलं की रॅकचं पेटंट पुढे सरकतं आणि मिश्रणाचा वाद त्याच्या जागी सावकाश लढता येतो.

विभागणीची उलटी वाटही कायद्यात आहे. रॅकचा प्रोव्हिजनल अर्ज जानेवारीत केला आणि त्याच रॅकमधल्या बदलाचा दुसरा प्रोव्हिजनल मे महिन्यात, तर कलम ९(२) खाली दोन्हींसाठी एकच कम्प्लीट स्पेसिफिकेशन दाखल करता येतं. अट अशी की कंट्रोलरला ते मिळून एक शोध वाटले पाहिजेत, आणि कम्प्लीट स्पेसिफिकेशन देण्याची १२ महिन्यांची मुदत पहिल्या प्रोव्हिजनलपासून मोजली जाते. रॅकमध्ये दोन वर्षांनी सुधारणा सुचली, जी मूळ अर्जात नव्हतीच, तर डिव्हिजनल चालणार नाही; तिथं कलम ५४ चं भर-पेटंट उपयोगी पडतं. त्याला नूतनीकरण शुल्क नसतं, ते मूळ पेटंटबरोबरच संपतं, आणि मूळ शोधाच्या तुलनेत सुधारणा उघडच सुचणारी होती एवढ्या कारणानं ते अवैध ठरत नाही.

परदेशात जायचं असेल तर हीच हरकत आणखी आधी भेटते. पीसीटीच्या टप्प्यावर शोध घेणारं कार्यालय प्रत्येक जादा शोधासाठी जादा शुल्क मागतं. ते भरलं नाही तर फक्त पहिल्या शोधाचा अहवाल मिळतो. ते शुल्क निषेध नोंदवूनही भरता येतं. विभागणीचा हक्क खुद्द औद्योगिक मालमत्तेच्या पॅरिस कराराच्या कलम ४जी मध्येच आहे, आणि भारत ७ डिसेंबर १९९८ पासून त्या कराराचाही सदस्य आहे आणि पीसीटीचाही.

आपल्या तासगावकरापुढे मी असा क्रम ठेवेन. देठ काढण्याचं यंत्र पूर्ण तयार असेल आणि गिऱ्हाईक समोर असेल, तर त्याचा अर्ज पहिल्या दिवसापासूनच वेगळा करावा. रॅक, पद्धत आणि मिश्रण एका अर्जात, रॅक सगळ्यात आधी, मिश्रणाचं वर्णन भरपूर. एफईआर येईपर्यंत दोन हंगाम मिश्रण वापरून पाहायला मिळाले आणि त्याची मागणी दिसली, तर उत्तर पाठवण्याआधी डिव्हिजनल करावा. नसेल दिसली, तर त्या दाव्यांवर पाणी सोडून रॅकचं पेटंट घ्यावं. वेगळी पेटंटं वेगळ्या लोकांना वापरायला देता येतात. रॅक सांगलीच्या एका फॅब्रिकेटरला, मिश्रण खतं-औषधं विकणाऱ्या एखाद्या कंपनीला, असे दोन करार होऊ शकतात, आणि दहाव्या वर्षी मिश्रणातून काही मिळेनासं झालं तर फक्त त्याचं नूतनीकरण थांबवून रॅकचं चालू ठेवता येतं.